संवर्धन संस्थेचा अहवाल कसा वाचावा: लिंबची विहीर, मेणवलीची घंटा आणि आमच्या गावचा वीरगळ

साताऱ्याहून पुण्याकडे निघाले की महामार्गापासून थोडे आत लिंब हे गाव आहे. तिथली बारा मोटांची विहीर (मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतले पाणी वर काढायची चामडी पिशवी) पाहायला सुट्टीच्या दिवशी चांगली गर्दी असते. गेल्या हिवाळ्यात मी विहिरीच्या पायऱ्यांवर बसलो असताना एका लहान मुलीने वडिलांना विचारले, "बाबा, ही कधी बांधली?" वडिलांनी मोबाईलवर शोधून १६४१ साल सांगितले. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "अहो, तसं नाही. १७१९ ची आहे ही, शाहू महाराजांच्या वेळची." दोघेही आपापल्या माहितीवर ठाम होते. मुलगी मात्र गोंधळून पुन्हा विहिरीत डोकावू लागली.

या दोन आकड्यांत ७८ वर्षांचा फरक आहे आणि तो फरकच सगळा उलगडा करतो. विहिरीवरील शिलालेखात विरुबाई भोसले यांचे नाव आणि शके १६४१ ते १६४६ हा काळ दिलेला आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून बांधकामाचा काळ १७१९ ते १७२४ असा ठरतो. कधीतरी कोणीतरी लेखातला आकडा उतरवून घेतला, 'शके' हा शब्द मागे राहिला आणि पुढच्या माणसाने त्याच आकड्यापुढे 'इ.स.' लावले. १६४१ साली शिवाजी महाराज ११ वर्षांचे होते, सातारा मराठ्यांची राजधानी नव्हती, आणि ज्या शाहू महाराजांच्या घरातील विरुबाई होत्या त्यांचा राज्याभिषेक १७०८ सालचा आहे. एवढे ताडून पाहिले असते तरी चूक लगेच दिसली असती. ती पसरली, कारण लोकांनी एकमेकांचे वाचून लिहिले. मूळ नोंद उघडून पाहिली गेली नाही.

अशा मूळ नोंदी तयार करणे हे वारसा संवर्धन करणाऱ्या संस्थांचे एक मोठे काम आहे आणि सर्वसामान्य माणसाला ते जवळजवळ कधीच दिसत नाही. संस्थेने घाट दुरुस्त केला, बुरूज सावरला, तर वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याआधी आणि त्यानंतर झालेले संशोधन ज्या अहवालात असते, तो अहवाल कोणाच्या तरी कपाटात जातो. तो हाती आला तरी नकाशे, आडवे छेद, क्रमांक आणि अनोळखी शब्द पाहून वाचक दबकतो. तो कसा बनतो आणि कसा वाचायचा, हे सातारा जिल्ह्यातल्याच उदाहरणांवरून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

अहवाल ही जबाबदारीच आहे

जुन्या वास्तूंच्या संवर्धनाची आजची तत्त्वे बऱ्याच अंशी १९६४ सालच्या व्हेनिस सनदेतून आली. तिची शेवटची, म्हणजे सोळावी कलम केवळ नोंदीविषयी आहे. जतन, दुरुस्ती किंवा उत्खनन यांपैकी कोणतेही काम झाले, तर रेखाचित्रे आणि छायाचित्रांसह त्याचा नेमका, चिकित्सक अहवाल झाला पाहिजे, तो सार्वजनिक संस्थेच्या संग्रहात ठेवून अभ्यासकांना उपलब्ध केला पाहिजे आणि शक्यतो प्रसिद्धही केला पाहिजे, असे ती सांगते. याच सनदेची नववी कलम म्हणते की, जिथे तर्काला सुरुवात होते तिथे जीर्णोद्धाराचे काम थांबले पाहिजे. माझ्या मते ही दोन कलमे एकत्रच वाचावीत. तर्क कुठे सुरू झाला हे नोंदीशिवाय कोणालाच कळणार नाही, करणाऱ्यालाही दहा वर्षांनी आठवणार नाही.

आपल्याकडे हे काम अनेक पातळ्यांवर चालते. केंद्राचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १८६१ पासून आहे. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे आणि १९८४ साली स्थापन झालेली इन्टॅक ही वारसा जतन करणारी, देशभर शाखा असलेली संस्था आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज पुरातत्त्वाच्या अध्यापनाचे आणि संशोधनाचे मोठे केंद्र आहे. याशिवाय गावोगावी वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, आणि शिलालेख शोधत फिरणारे इतिहासप्रेमींचे गट आहेत आणि त्यांच्या वह्यांत कितीतरी मोलाची माहिती पडून आहे. या सर्वांच्या हातून जे बाहेर पडते त्याचे प्रकार वेगवेगळे असतात: परिसरातील वास्तूंची यादी, मोजमापांसह काढलेले नकाशे, वास्तू आज कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारा स्थिती-अहवाल, उत्खननाचा वृत्तान्त, जतनाचा आराखडा. नावे निराळी असली तरी चांगल्या अहवालाची ओळख एकच. जे दिसते, जे वाटते आणि जे लोक सांगतात, या तीन गोष्टी तो एकमेकींत मिसळू देत नाही.

दिसते, वाटते, सांगतात

लिंबच्या विहिरीकडेच पुन्हा पाहू. मुख्य विहीर अष्टकोनी आहे, उतरायला दगडी पायऱ्या आहेत, आतल्या भिंतींवर पशूंची शिल्पे आहेत आणि मधल्या भागात छोटा महाल म्हणावा असे दालन आहे. हे सगळे 'दिसते' या खात्यातले, कोणीही जाऊन तपासावे असे. विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद असल्याचे सर्वत्र लिहिलेले असते. नोंद करणारा माणूस हे आकडे उचलत नाही. तो लेसर मापक लावून स्वतः मोजतो, मोजणीची तारीख आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहितो. नावात बारा मोटा आहेत म्हणून बारा लिहायचे, असेही तो करत नाही. मोट रिकामी होते ती थारोळी तो काठावर फिरून एकेक मोजतो आणि प्रत्येकीला नकाशावर क्रमांक देतो.

मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना नाडा आणि सोंदूर हे शब्द ठाऊक असतील. जाड दोर तो नाडा, मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर, आणि बैल ज्या उतारावरून पुढे-मागे जातात ती धाव. वर्षानुवर्षे दोर घासला की दगडाच्या कडेवर गुळगुळीत खाच पडते. आत बोट फिरवले तर ती छिन्नीने पाडलेल्या खाचेपेक्षा वेगळी लागते. छिन्नीची खाच खरखरीत असते, तिच्यात छिन्नीचे घाव जाणवतात. दोराची खाच मात्र तुळतुळीत आणि एका बाजूला झुकलेली असते. एखाद्या थारोळ्यापाशी अशी खाच खोल असेल आणि दुसऱ्यापाशी जवळजवळ नसेल, तर 'सर्व मोटा सारख्या चालत नसाव्यात' असे अहवालात येईल. हे 'वाटते' या खात्यातले वाक्य. त्याच्या शेवटी 'असाव्यात' असते आणि ते कशावरून वाटते हे त्याच परिच्छेदात दिलेले असते. वाचताना 'आहे' आणि 'असावे' यांतला फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा. अहवालाचा निम्मा अर्थ या क्रियापदांत असतो.

विहिरीतल्या महालात राजघराण्यातील मंडळींची खलबते चालत, असे परिसरात सांगतात. हे तिसरे खाते. काही जुन्या संशोधकांना लोककथा म्हणजे अडगळ वाटे आणि ते ती गाळत. मला हे कधीच पटले नाही. लोक एखाद्या जागेविषयी काय सांगतात, हीसुद्धा त्या जागेविषयीची वस्तुस्थिती आहे. फक्त ती 'असे सांगितले जाते' या शब्दांत, कोणत्या गावात आणि कधी ऐकली त्यासह लिहायला हवी.

या तीन खात्यांची कसोटी मेणवलीच्या घंटेवर घेता येते. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यालगत मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि ख्रिस्ती आकृती आहेत. म्हणजे ती चर्चसाठी ओतलेली घंटा आहे, आणि हे दिसते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाच्या लुटीत ती आली असे मानले जाते, आणि हे तर्काला धरून आहे. पण पुष्कळ ठिकाणी ही दोन वाक्ये जोडून वाचकाच्या मनात असे चित्र उभे केले जाते की, वसईहून निघालेली घंटा थेट नानांच्या घाटावर आली. नानांचा जन्म १७४२ सालचा, साताऱ्याचा. वसई पडली तेव्हा ते जन्मलेही नव्हते. म्हणजे वसई आणि मेणवली यांच्यामध्ये घंटेच्या प्रवासाचा आणखी एक टप्पा आहे आणि प्रामाणिक अहवाल त्या टप्प्यासाठी जागा रिकामी सोडतो. रिकामी जागा दिसली तर पुढचा अभ्यासक दप्तरात शोध घेईल. ती गोड वाक्याने बुजवून टाकली तर शोधायचे काही आहे हेच त्याला कळणार नाही.

तारखांची भाषा

मराठी वास्तूंच्या अहवालात वाचक सर्वांत जास्त अडखळतो तो कालगणनेपाशी. शिलालेखात बहुधा शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवायचे, आणि प्रसंग जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा असेल तर ७९. मोडी कागदांत पुष्कळदा शुहूर सन येतो आणि तोही आकड्यांत नव्हे, अरबी संख्यावाचक शब्दांत. 'तिसा अशरीन मया व अलफ' म्हणजे नऊ, वीस, शंभर आणि हजार, अर्थात ११२९. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. त्या हिशेबाने वरील वर्ष १७२८-२९ येते. मृगाला वर्ष सुरू होणे शेतसाऱ्याच्या दृष्टीने किती सोयीचे होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

एक जादा पडताळा संवत्सराच्या नावाचा असतो. साठ नावांचे हे चक्र आपल्याकडे नियमाने फिरते. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ हा आनंद संवत्सर होता. तिथून मोजत गेले की शके १६४१ ला विकारी संवत्सर येतो, आणि शके १९४१ ला, म्हणजे २०१९ च्या पाडव्याला, आपल्या पंचांगात तेच नाव आले होते. शक आणि संवत्सर दोन्ही कोरलेले असतील आणि जुळत नसतील, तर आकडा वाचण्यात चूक आहे किंवा कोरणाऱ्याची गफलत आहे, असा इशारा मिळतो. झिजलेल्या दगडावर देवनागरी १ आणि ९ किंवा ४ आणि ५ यांत फसगत सहज होते, म्हणून हा पडताळा केवळ शोभेचा नाही.

अक्षरे वाचण्याची पद्धतही अहवालात सांगितलेली असते आणि ती वाचण्यासारखी असते. दगड पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करतात, त्यावर ओला कागद अंथरतात आणि ब्रशने असा थापटतात की कागद अक्षरांच्या खोलीत बसतो. मग शाईचा बोळा वरून हलक्या हाताने टिपतात. सपाट भाग काळा होतो आणि कोरलेली अक्षरे पांढरी राहतात. हा झाला ठसा. कागद नसेल तेव्हा उजेडाचा उपयोग होतो. भर दुपारी जो दगड कोरा वाटतो, त्यावरच संध्याकाळी बॅटरी अगदी बाजूला, दगडाला जवळजवळ टेकवून धरली की प्रत्येक रेषेची सावली पडते आणि ओळीच्या ओळी वर येतात. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझ्या हातातली बॅटरी थरथरत होती. याउलट अक्षरांत खडू भरणे, तारेच्या ब्रशने दगड घासणे आणि देवाच्या मूर्तीप्रमाणे ऑइलपेंट देणे, हे तीनही उपाय चांगल्या मनाने केले जातात आणि लेखाचे न भरून येणारे नुकसान करतात. खडू भरणारा माणूस त्याला जे वाचता आले तेवढेच भरतो. पुढच्यांना मग दगड दिसत नाही, त्याचे वाचन दिसते.

जागा बदलली की काय जाते

माझे गाव कोरेगाव तालुक्यात आहे. गावच्या महादेवाच्या देवळासमोर दोन वीरगळ उभे होते. लहानपणी आम्ही त्यांना 'लढाईचे दगड' म्हणत असू. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराचे स्मारक, आणि ते खालून वर वाचायचे असते. सर्वांत खाली लढाईचा प्रसंग, पुष्कळदा गाईंच्या रक्षणाचा. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करत आहे, आणि शिखरावर कलश व चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत ही कीर्ती राहो. आमच्या दोन दगडांपैकी डावीकडच्याच्या खालच्या चौकटीत तीन गाई होत्या आणि एकीने मान मागे वळवलेली होती. तिच्या गळ्यातली दोरीसुद्धा कोरलेली होती.

देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा अंगण फरशीने सपाट करायचे ठरले. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. उजवीकडचा दगड देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवला गेला. डावीकडचा मात्र नव्या ओट्याच्या भरावात गेला, आणि कोणत्या कोपऱ्यात गेला हे आज एकालाही सांगता येत नाही. मी त्या वेळी पुण्यात नोकरीला होतो. सुट्टीला आलो तेव्हा फरशी बसून महिना झाला होता.

जो दगड वाचला त्याचेही अर्धे बोलणे थांबले आहे. वीरगळ कुठे उभा होता, त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, तो वेशीपाशी होता की देवळापाशी, एकटा की ओळीत, यावरून लढाई, रस्ता आणि जुन्या गावठाणाची हद्द यांविषयी अंदाज बांधता येतात. पुरातत्त्वात वस्तूइतकेच महत्त्व तिच्या जागेला आणि शेजाऱ्यांना असते. म्हणून यादीतल्या प्रत्येक नोंदीत अक्षांश-रेखांश, दिशा, उंची-रुंदी-जाडी, जवळची ओळखीची खूण आणि मोजपट्टीसह छायाचित्र असते. वाचकाला हे रकाने रूक्ष वाटतात. आमच्या ओट्याकडे पाहिल्यापासून मला ते तसे वाटत नाहीत.

जमिनीखालच्या गोष्टींना हेच तत्त्व थरांच्या रूपात लागू होते. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, पडलेल्या मातीच्या भिंती, शेण, हाडे आणि खापरे साचून जुन्या गावठाणाचे पांढुरके टेकाड तयार होते. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, एवढ्या साध्या नियमावर उत्खननाची सगळी इमारत उभी आहे. नियमाला अपवाद असतात: कोणी खड्डा खणला, उंदीर-घुशींनी पोखरले, तर वरची वस्तू खाली जाते. म्हणूनच उत्खनन करणारा प्रत्येक थराला आणि प्रत्येक खड्ड्याला स्वतंत्र क्रमांक देतो आणि खणलेल्या भिंतीचे उभे चित्र काढतो. थरात कोळसा किंवा जळके धान्य मिळाले तर कार्बन १४ या पद्धतीने त्याचे वय काढता येते, कारण सजीवाच्या मृत्यूनंतर हा कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. दगडाचे वय या पद्धतीने निघत नाही. मूर्ती 'कार्बन टेस्ट'साठी पाठवली असे कोणी सांगितले तर नेमके काय पाठवले ते विचारावे. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची पद्धत दख्खनमध्ये जुनी आहे. त्यात पीक चांगले येते हे खरे आहे आणि थर कायमचे विस्कटतात हेही खरे आहे. उत्खननानेही थर नष्टच होतात. फरक इतकाच की, उत्खनन झाले तर ते कागदावर उरतात, आणि अहवाल लिहिला नाही तर तेवढाही फरक राहत नाही.

नोंद किती दूरवर पुरते याचे उदाहरण कऱ्हाडचे आहे. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूतला एक प्राचीन बौद्ध स्तूप होता. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ साली तो शोधला, त्याचे कठडे पुढे कोलकात्याच्या संग्रहालयात गेले आणि त्यांवरील लहान लहान दानलेख प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका लेखात 'करहकट' नगराने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावाने शेकडो मैलांवरच्या स्तूपाला दान दिले, ही गोष्ट आपल्याला कळते ती त्या छोट्या लेखाची नीट नोंद झाली म्हणून.

भिंतीची तब्येत

स्थिती-अहवाल म्हणजे वास्तूची तपासणी. भिंतीच्या समोरच्या बाजूचे मापात चित्र काढून त्यावर शेवाळ, तडा, मोकळा झालेला सांधा, निखळलेला दगड आणि मुळे धरलेला पिंपळ यांना वेगवेगळे रंग दिलेले असतात. तडा जुना आहे की अजून वाढतो आहे हे ओळखण्यासाठी त्यावर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख टाकतात. भिंत हलली की काच तडकते. पाटणच्या खोऱ्यात, जिथे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अजून घरोघर आठवला जातो, तिथे तडा केव्हाचा हा प्रश्न नुसता तांत्रिक नाही. भूकंपाचा स्थिर झालेला तडा आणि पाया खचल्याने वाढणारा तडा यांचे उपाय वेगळे असतात.

या अहवालांत सिमेंटविषयी इतका विरोध का असतो, हे मात्र थोडे सविस्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण गावात दुरुस्ती म्हटली की पहिली गोणी सिमेंटचीच येते. आपल्या जुन्या जाड भिंती एकसंध दगडाच्या नसतात. दोन्ही बाजूंना घडीव काळा दगड आणि मध्ये चुना-गोट्यांचा भराव असतो. पावसाचे पाणी थोडेफार आत जातेच. चुन्याचा सांधा सच्छिद्र असल्यामुळे ते उन्हाळ्यात त्याच वाटेने बाहेर पडते. सिमेंटने सांधे बंद केले की पाणी आत कोंडते, भरावातला चुना हळूहळू धुऊन नेते, गाभा पोकळ होतो आणि बाहेरचे दगड पुढे येऊ लागतात. गवंडी त्याला 'भिंतीने पोट काढले' म्हणतात. दुरुस्ती झाली तेव्हा भिंत छान दिसत होती आणि दहा-पंधरा पावसाळ्यांनी ती पडली, तर दोष जुन्या बांधकामावर जातो. चुना भिजवून, चुन्याच्या घाण्यात वाळूसह मळून, कुठे गूळ, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचा गर घालून वापरत. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा चुनखडी बनतो. त्याला वेळ लागतो आणि निविदेची मुदत तेवढी नसते, ही खरी अडचण आहे. म्हणून चांगल्या अहवालात मूळ चुन्याच्या नमुन्याचे पृथक्करण, नव्या मिश्रणाचे प्रमाण आणि कोणता दगड नवा बसवला याची खूण केलेले चित्र असते, म्हणजे उद्या कोणाला तो काढून दुसरा उपाय करायचा असेल तर करता यावा.

अहवाल कुठे असतो आणि सगळे उघड का नसते

प्रतापगडासारख्या स्थळाची कागदपत्रे आता जगासमोर आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे आणि तो राज्याच्या संचालनालयाच्या संरक्षणात आहे. अशा मान्यतेसाठी स्थळाचे महत्त्व, त्याच्या हद्दी आणि जतनाची व्यवस्था यांवर विस्तृत प्रस्ताव द्यावा लागतो. पण जिल्ह्यातले बहुतेक घाट, बारवा, समाध्या आणि वीरगळ केंद्राच्या किंवा राज्याच्या यादीत नाहीत. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे, हा २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आलेला नियम आमच्या देवळाच्या ओट्याला लागू नव्हता. अशा ठिकाणी स्थानिक गटाची नोंद हेच एकमेव संरक्षण असते.

नोंदीतल्या काही गोष्टी मुद्दाम झाकलेल्या असतात, आणि मला ते योग्य वाटते. वीरगळाखाली किंवा पडक्या देवळात गुप्तधन आहे या समजुतीने रात्री खणणारे लोक आजही आहेत. म्हणून जनतेसाठीच्या प्रतीत गावाचे नाव असते, नेमका बिंदू नसतो. मात्र गावकऱ्यांना अहवालच न देणे ही वेगळी गोष्ट आहे. ज्यांनी संशोधकांना दगड दाखवले, चहा पाजला, जुने कागद उघडून दिले, त्यांच्या ग्रामपंचायतीत मराठीतली एक प्रत पोहोचलीच पाहिजे.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना काही निघाले तर कायदा काय सांगतो, हेही माहीत असावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने साधारणपणे १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, शिलालेख अशा वस्तू, आणि हस्तलिखिताच्या बाबतीत ७५ वर्षांहून जुने, पुरावस्तू ठरतात. दगड हलवावाच लागणार असेल, तर त्याआधी जागेवरच चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, एका फोटोत मोजपट्टी किंवा निदान वीतभर काठी ठेवावी, दिशा लिहावी आणि आसपासची खापरेही उचलू नयेत.

आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी अशाच एका गटाने यादी केली. भिंतीला टेकवलेल्या दगडाची मापे त्यांनी घेतली आणि मग दुसऱ्याविषयी घरोघर विचारले. एका काकूंनी त्यांच्या लग्नाचा अल्बम काढून दिला. देवदर्शनाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे, हाराआडून, डावीकडचा वीरगळ अर्धा दिसतो. गाईंची चौकट नवरीच्या शालूमागे झाकली गेली आहे, वरचे चंद्र-सूर्य स्पष्ट आहेत. त्या गटाची नोंद मी वाचली. 'वीरगळ क्र. २. सद्यःस्थिती: दिसत नाही. पुरावा: ग्रामस्थांकडील छायाचित्र. उंची: मोजता आली नाही. खालच्या चौकटीत तीन गाई होत्या, असे गावातील एक रहिवासी सांगतात.' तो रहिवासी मी आहे, आणि माझे वाक्य त्यांनी बरोबर तिसऱ्या खात्यात ठेवले आहे.